सांधा आणि शंका

जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा विषय निघाला की ओरोसला, चहाच्या टपरीवर काय किंवा परिसंवादात काय, एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. अणुकचरा कितीही जाड डब्यात भरा, झाकण शेवटी वेल्डिंगनेच बसवणार. आणि गळती पहिली तिथूनच. हे बोलणारा काही हवेत बोलत नाही. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचं ग्रिल आधी सांध्यावर सडतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. विजयदुर्गच्या खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर प्रत्येकी 1730 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या योजलेल्या असताना त्याने शंका काढू नये तर कुणी काढावी? तरीही हा युक्तिवाद टिकत नाही.

ग्रिल जोडताना धातू वितळवून पुन्हा गोठवलेला असतो. गोठताना बुडबुडे अडकतात, चिरा राहतात, ताण राहतो. वितळवल्याशिवाय जोडता आलं तर? 1991 साली इंग्लंडमधल्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’ने ते करून दाखवलं. गरगर फिरणारी कठीण पिन सांध्यात दाबायची. घर्षणाने धातू मऊ होतो आणि दोन्ही बाजू रवीखालच्या ताकासारख्या एकमेकींत घुसळल्या जातात. याचं नाव फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. तांबं 1085 अंशांना वितळतं. हे काम साधारण 850 अंशांवर उरकतं.

स्वीडनच्या एसकेबी कंपनीने ओस्कारशाम्नच्या प्रयोगशाळेत हे कचऱ्याच्या डब्यावर आजमावलं. डबा जवळपास 5 मीटर लांब, तांब्याची भिंत 5 सेंटिमीटर जाड, भरल्यावर वजन सुमारे 25 टन. खरी मेख शेवटी होती. पिन बाहेर काढली की तिच्या जागी भोक राहतं, आणि डब्याला भोक चालत नाही. म्हणून पिन आधी झाकणात, सांध्याच्या वर रोवतात, मग खाली सांध्यावर आणून पूर्ण फेरी मारतात, आरंभावर थोडी चढवतात आणि पुन्हा वर नेऊन काढतात. भोक राहतं ते झाकणाच्या त्या भागात, जो नंतर कातून टाकायचाच असतो. (हे ज्याला सुचलं त्याला कोकणातल्या कुठल्याही सुताराने मान दिला असता.) गरम तांब्यावर ऑक्साइड धरू नये म्हणून आर्गॉनचं आवरण आलं, आणि तपासणीला क्ष-किरण व अल्ट्रासाउंड. इलेक्ट्रॉन किरणाने वितळवून जोडण्याची पद्धतही शर्यतीत होती. 2005 मध्ये स्वीडनने ती बाजूला ठेवली. फिनलंडही पुढे याच वाटेला आला.

मग वाद मिटला? छे. जानेवारी 2018 मध्ये स्वीडनच्या पर्यावरण न्यायालयाने हे डबे पुरण्याच्या प्रकल्पाविरुद्ध सरकारला मत दिलं ते पाचशे मीटर खोल खडकात तांबं दीर्घकाळ टिकेल का, या प्रश्नावर. सरकारची मंजुरी यायला जानेवारी 2022 उजाडलं. सर्वांत कसून तपासलेल्या जागेवर आपण बोट ठेवतो आहोत आणि मोकळ्या जागेकडे पाहतही नाही, असं त्यावरून दिसतं.

जैतापूर प्रकल्पाच्या पाठीराख्यांनीही या झाकणावरून हुरळून जाऊ नये. भारतात असा तांब्याचा डबा वापरतच नाहीत. आपल्याकडे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते. उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा तुर्भे, तारापूर इथे काचेत मुरवून पोलादी डब्यात भरतात, झाकण दूरनियंत्रणाने वेल्ड करतात आणि तारापूरला हवेने थंड राहणाऱ्या कोठारात ठेवतात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खडक तापवून पाहण्याचे प्रयोग झाले, पण कायमचं खोल भूमिगत कोठार देशात अजून नाही. स्वीडनच्या सांध्याचा दाखला देऊन ही उणीव झाकता येणार नाही.

तेव्हा पुढच्या जनसुनावणीत वेल्डिंगवर वेळ दवडू नका. विचारा: सहा भट्ट्यांचं वापरलेलं इंधन माडबनच्या टाक्यांत किती वर्षं राहणार, तिथून कुठे जाणार, आणि त्याची काच झाल्यावर ती कोणत्या खडकात पुरणार? उत्तरं लेखी मागा.