बिलाचे पत्र : अस्सल आणि बनावट

इतिहासाचा अभ्यासक जुना कागद हाती घेतो तेव्हा हा कागद काय सांगतो याआधी तो कोणाचा, असे विचारतो. पाठचिकित्सा शिकवताना आपणही विद्यार्थ्यांना हीच सवय लावू पाहतो. परंतु ऑनलाइन खेळाच्या कंपनीच्या नावाने ईमेल येते, 'आपले मासिक शुल्क जमा झालेले नाही, चोवीस तासांत कार्डाचा तपशील भरावा, अन्यथा खाते बंद होईल' असे त्यात लिहिलेले असते, आणि चांगले चिकित्सक वाचकही तो पहिला प्रश्न विसरून थेट दुव्यावर बोट ठेवतात. अशी पत्रे ओळखण्याचा प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोपवून देण्याची रीत आहे. आम्हांस मात्र तो वाचनाच्या इतिहासातला प्रश्न वाटतो.

बनावट लेख भाषेवरून पकडण्याचे प्रसिद्ध उदाहरण १४४० चे आहे. सम्राट कॉन्स्टन्टाईनने पश्चिमेकडील राज्य पोपच्या हवाली केले, असे सांगणारे दानपत्र लोरेन्झो व्हाला याने तपासले आणि त्यातील लॅटिन चौथ्या शतकातील असूच शकत नाही, हे दाखवून दिले. रोमच्या दरबाराच्या वर्णनात 'क्षत्रप' हा शब्द आला कोठून, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. बनावट ईमेल अशुद्ध भाषेवरून ओळखावी, हा सल्ला याच परंपरेतला. काही वर्षे तो उपयोगी पडलाही. आज यंत्राकडून निर्दोष मजकूर क्षणात लिहून मिळतो. त्यामुळे शुद्धलेखनाची चूक दिसली तर संशय घ्यावा, पण ती न दिसणे हा काही पुरावा होत नाही.

मग बहिरंगाकडे वळावे, तर तेथे अडचण मोठी आहे. मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच मर्यादेची मुद्रा उमटवली जाई, म्हणजे खाली कोणाला चार ओळी घुसडता येऊ नयेत. विश्वास कागदाच्या अंगावरच उमटलेला होता. ईमेलचे तसे नाही. जॉन पोस्टेल याने ऑगस्ट १९८२ मध्ये ईमेल पोचवण्याचे जे नियम लिहिले, त्यांत प्रेषकाचे नाव तपासण्याची सोयच नव्हती. लखोट्याच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि टपालवाल्याने ते मुकाट्याने पोचवावे, तसा हा प्रकार. तेव्हाचे जाळे विद्यापीठे आणि सरकारी संस्था यांपुरते होते. एकमेकांना ओळखणाऱ्यांना मुद्रेची गरज भासली नाही, हे समजण्यासारखे आहे.

ती गरज प्रथम बिलाच्या निमित्तानेच भासली. अमेरिका ऑनलाइन ही सेवा सुरुवातीला तासावर पैसे घेई. तिच्यावर १९९१ ते १९९७ या काळात चाललेला 'नेव्हरविंटर नाइट्स' हा खेळ आरंभी तासाला सहा डॉलरला पडे. फुकट वावरण्यासाठी काही तरुण खोटे कार्डक्रमांक तयार करून खाती उघडत. १९९५ मध्ये कंपनीने ती वाट बंद केली, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांची खाती लाटण्याकडे मोर्चा वळवला. 'आम्ही बिल विभागातून लिहीत आहोत, पडताळणीसाठी पासवर्ड कळवावा' अशा आशयाचे निरोप जाऊ लागले. गळ टाकून मासा धरण्यावरून त्याला 'फिशिंग' हे नाव पडले. म्हणजे बिलाचे खोटे पत्र ही या फसवणुकीची पुढे फुटलेली फांदी नसून तिचे मूळच आहे.

खेळाच्या खात्यात चोरण्यासारखे असते तरी काय, असे वडीलधारी मंडळी विचारतात. नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्यातील काल्पनिक सोन्याला खऱ्या पैशांत गिऱ्हाईक मिळू लागले. कित्येक महिने खपून जमवलेली शस्त्रे आणि सोने चोर तासाभरात विकून मोकळा होई. 'तुम्ही खाते विकण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले आहे' असा आरोप करणारी बनावट पत्रे त्या काळी सर्रास येत. निरपराध माणूस आपले निरपराधित्व सिद्ध करण्याच्या घाईत पासवर्ड देऊन टाकी. हा डाव रचणाऱ्याला मानवी स्वभावाची जाण आमच्या कित्येक कादंबरीकारांपेक्षा अधिक असावी! कंपनीने २००८ मध्ये दर वेळी नवा अंक देणारे छोटे यंत्र काढले, तरी रोग हटला नाही. 'स्टीम' चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१५ मध्ये दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती चोरीस जात असल्याचे सांगितले.

अक्षरांची लबाडी हा साहित्याच्या माणसाला विशेष रुचेल असा भाग. 'ख' हा 'रव' वाचला जाण्याची गंमत आपल्याला ठाऊक आहे. रोमन लिपीत छोटा 'एल' आणि मोठा 'आय' असेच जुळे दिसतात. २००० मध्ये याच जोरावर पेपालच्या नावाचे खोटे संकेतस्थळ उभे राहिले होते. २००२ मध्ये इस्राएलमधील दोन संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यातील काही रोमन अक्षरांऐवजी तशीच दिसणारी रशियन अक्षरे घालून तो नोंदवून दाखवला. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे पत्ते. पत्ता नीट वाचायचा तर पहिल्या एकेरी तिरप्या रेषेपाशी थांबून तेथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचावा. मालक कोण ते उजवीकडच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत असते. डावीकडे खेळाचे नाव कितीही ठळक असले तरी ते घरावर कोणीही लावावी अशी पाटी असते.

ईमेलला मुद्रा लाभली ती फार उशिरा. २००६ ते २०१५ या काळात पाठवणाऱ्या यंत्राचा अधिकार तपासणारे आणि पत्रावर अदृश्य शिक्का उमटवणारे नियम टप्प्याटप्प्याने आले. परंतु अमुक पत्र अमुक पत्त्याच्या मालकाकडून आले, एवढेच हा शिक्का सांगतो. मालक सज्जन आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ठगाने स्वतःच्या नावे पत्ता विकत घेतला, तर त्याचेही पत्र या परीक्षेत उत्तीर्ण होते.

याहून अवघड प्रकार आता दिसतो. ठग एखाद्या खऱ्या देयक-सेवेत खाते उघडतो, तेथून खेळाच्या खरेदीचे बिल पाठवतो आणि शेरा म्हणून लिहितो की, ही खरेदी आपण केली नसल्यास पुढील क्रमांकावर फोन करावा. प्रेषक खरा, मुद्रा खरी, दुवाही खरा. लबाडी फक्त त्या फोन क्रमांकात. अस्सल बखरही खोटे सांगू शकते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. येथे कागदाचे परीक्षण संपते आणि स्वतंत्र साधनाची गरज लागते. पत्रातील दुवा, क्रमांक, जोडलेली फाईल यांपैकी कशालाही हात न लावता खेळाचे संकेतस्थळ स्वतः टंकून उघडावे आणि खात्यातील खरेदीची यादी बँकेच्या नोंदीशी ताडून पाहावी. थकबाकी खरी असेल तर ती तेथेही दिसते.

एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरील सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली. तेव्हा ग्राहकांना सावध करणारी खरी पत्रे धाडताना कंपनीला त्यांतच सांगावे लागले की, आम्ही ईमेलने तुमचा कार्डक्रमांक कधीही विचारणार नाही.