आरे नदी (बर्न) : पाण्याचे तापमान व पोहण्याची परिस्थिती

आरे ही संपूर्णपणे स्वित्झर्लंडच्या हद्दीत वाहणारी सर्वांत लांब नदी (सुमारे २९० किमी.). बर्नीज आल्प्समध्ये ग्रिम्सेल खिंडीजवळच्या हिमनद्यांतून ती निघते, ब्रिएन्झ व थुन या सरोवरांतून जाते, बर्न शहराच्या जुन्या भागाला तीन बाजूंनी वळसा घालते आणि स्विस हद्दीतल्या कोब्लेन्झ गावापाशी ऱ्हाईनला मिळते. या संगमावर आरेचे पाणी ऱ्हाईनपेक्षा जास्त असते. बर्नमध्ये उन्हाळ्यात हजारो लोक या नदीत रोज उतरतात, तेही पोहण्यापेक्षा प्रवाहाबरोबर वाहत जाण्यासाठी. स्वित्झर्लंडच्या जिवंत परंपरांच्या राष्ट्रीय यादीत या पोहण्याचा समावेश आहे.

तापमान कशावर ठरते : उगमाकडची आरे पोहण्याजोगी नाही. हिमनदीचे वितळपाणी शून्याच्या जरासे वर असते आणि मायरिंगेनजवळच्या अरुंद घळीतून बाहेर पडतानाही ते भर उन्हाळ्यात बहुधा एक आकडी अंशांतच राहते. ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यांतून येणारी ल्युचीने नदीही तशीच थंडगार. या दोन्ही नद्या ब्रिएन्झ सरोवराला येऊन मिळतात. हिमनद्यांनी खडक घासून केलेली बारीक भुकटी त्यांच्या पाण्यात तरंगत असते. इंटरलाकेनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या छायाचित्रांत जो हिरवट-निळा रंग दिसतो, तो या भुकटीचा. ब्रिएन्झ सुमारे २६० मीटर आणि थुन सुमारे २१७ मीटर खोल आहे. हिमनदीचे पाणी इथे लगेच पुढे सरकत नाही. दोन्ही सरोवरे मिळून त्याला काही वर्षे मुक्काम घडतो. उन्हाळ्यात सरोवराचा वरचा थर तापतो, थंड जड पाणी तळाशी राहते, आणि थुन शहरापाशी आरे बाहेर पडते ती या वरच्या थरातून. बर्नचे पाणी अंगाला सोसवते ते एवढ्यामुळेच. दोन सरोवरे मधे नसती तर बर्नमध्ये पोहण्याची ही परंपरा उभीच राहिली नसती.

यात माणसाचाही हात आहे. कांडर ही हिमनद्यांचे पाणी आणणारी उपनदी पूर्वी थुनच्या खाली थेट आरेत पडत असे. तिचा सगळा गाळ-गोटा नदीत यायचा आणि पुराने काठची गावे बेजार होत. १७११ ते १७१४ या काळात टेकडी फोडून तिचा प्रवाह थुन सरोवरात वळवला गेला. त्यासाठी खोदलेला बोगदा पाण्याने पाहता पाहता कोरून टाकला आणि सगळी कांडर सरोवरात शिरली. सरोवराचे तोंड या जादा पाण्याला पुरेना, म्हणून पुढे थुन शहरच पुराखाली जाऊ लागले. पण तेव्हापासून कांडरचेही थंड, गढूळ पाणी आधी सरोवरात निवळते आणि मगच बर्नकडे येते.

वर्षभराचा क्रम : जानेवारी-फेब्रुवारीत बर्नपाशी पाणी साधारण ४ ते ६ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात ते १० अंशांच्या वर जाते, जूनअखेर ते ऑगस्ट या काळात बहुतेक दिवशी १६ ते २० अंशांदरम्यान राहते. २० च्या पुढचे पाणी बर्नकर ऊबदार मानतात. महाराष्ट्रात विहिरीचे पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास असते. त्याची सवय असलेल्याला हे ‘ऊबदार’ पाणी चांगलेच गार लागेल.

तापमान एका रात्रीत तीन-चार अंशांनी घसरू शकते, आणि तेही आकाश निरभ्र असताना. वारा थुनकडून सरोवराच्या आत वाहू लागला की वरचा तापलेला थर दूरच्या टोकाकडे ढकलला जातो, त्याची जागा भरायला तळाचे थंड पाणी वर येते आणि आरेत तेच शिरते. काही तासांत ते बर्नला पोचते. म्हणून कालच्या आकड्यावर भरवसा ठेवून उतरणे चुकीचे. स्विस सरकारच्या पर्यावरण खात्याचे मापनकेंद्र बर्नमध्ये शोनाऊ येथे आहे. तिथली तापमानाची व विसर्गाची नोंद सतत जाहीर होत असते.

विसर्ग : नदीकाठी चौकशी होते ती तापमानाची, पण जीव जाण्या-वाचण्याचा संबंध अधिक येतो तो दुसऱ्या आकड्याशी. बर्नपाशी आरेचा सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे १२० घनमीटर, म्हणजे आपल्याकडच्या धरणांच्या बातम्यांतल्या भाषेत साधारण ४,२०० क्युसेक. बर्फ वितळण्याच्या दिवसांत तो २०० घनमीटरच्या पुढे जातो. ३०० ओलांडल्यावर, म्हणजे १०,६०० क्युसेकच्या वर, जाणकारही पाण्यात उतरत नाहीत. १९९९ आणि २००५ च्या महापुरांत तो ६०० घनमीटरच्या वर गेला होता. त्या दोन्ही वेळी नदीलगतचा माट्टे हा जुना भाग पाण्याखाली गेला.

हे दोन आकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि फसगत होते ती इथेच. आल्प्समध्ये उष्णतेची लाट आली की सरोवर तापते, त्याच वेळी हिमनद्या जोरात वितळून सरोवराची पातळीही वाढवतात. मग पाणी २० अंशांचे, मोहात पाडणारे, आणि ओढ मात्र नवख्याला न झेपणारी. उन्हाळी विसर्गात पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास असतो. इतक्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही फार वेळ तग धरू शकत नाही.

वादळी पावसाचा धोका वेगळा. थुनच्या खाली मिळणाऱ्या त्सुल्ग, ग्युर्बे यांसारख्या उपनद्यांच्या वाटेत सरोवर नाही. डोंगरात ढग फुटला की त्या गढूळ पाणी आणि ओंडके थेट आरेत आणून टाकतात, आणि बर्नमध्ये ऊन असतानाही नदी तपकिरी होते. असे पाणी दिसले की त्या दिवशी पोहणे बंद, इतका हा नियम साधा आहे.

थंड पाणी आणि शरीर : पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातली उष्णता खेचून घेते. पण पहिला धोका शरीर गार पडण्याचा नसतो. साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम उडी घेतली की त्वचा अचानक थंड होते, आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, पाठोपाठ धाप लागते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर चांगला पोहणाराही बुडू शकतो. हा झटका एक ते तीन मिनिटांत ओसरतो, म्हणून तेवढा वेळ काही न करता तरंगत राहणे आणि श्वास ताब्यात आणणे महत्त्वाचे. पुढच्या टप्प्यात हातापायांचे स्नायू गार पडतात, बोटे बधिर होतात, पकड जाते. आरेत बाहेर पडायचे तर काठावरची दांडी धरावीच लागते, त्यामुळे इथे हा टप्पा विशेष घातक. शरीराचे आतले तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरायला त्याहून बराच वेळ, बहुधा अर्ध्या तासाहून अधिक, लागतो. बाहेर आल्यावरही ते काही वेळ उतरतच राहते; लगेच कोरडे कपडे घालायचे ते याचसाठी.

पोहण्याचा टप्पा : सर्वांत वापरात असलेला टप्पा आइखहोल्झच्या हिरवळीपासून मार्त्सिली या विनामूल्य जलविहार-उद्यानापर्यंतचा आहे. लोक काठाने वीस-पंचवीस मिनिटे वर चालत जातात आणि पंधराएक मिनिटांत वाहत परत येतात. कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरून ती बरोबर ओढत नेण्याचीही पद्धत आहे. कान पाण्याखाली गेले की तळातले गोटे एकमेकांवर घासून होणारी बारीक किणकिण ऐकू येते; नदी अजूनही डोंगर खाली आणते आहे, हे त्या आवाजात प्रत्यक्ष कळते.

काठावर ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि लाल दांड्या आहेत. दांडीजवळ पोचल्यावर वळून उपयोग नसतो. बऱ्याच आधीपासून काठाच्या जवळ सरकत यावे लागते. एखादी दांडी हुकली तर उलट पोहत मागे येण्याचा प्रयत्न न करता पुढची गाठायची. मार्त्सिलीची शेवटची दांडी मात्र हुकवून चालत नाही. तिच्या खाली श्वेलनमेटेलीचा आडवा बंधारा आहे, आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी स्वतःभोवती उलटे फिरून माणसाला आत धरून ठेवते. मार्त्सिलीत बाहेर पडणे म्हणूनच ऐच्छिक नाही. पुलांच्या खांबांजवळचे भोवरे आणि पाण्यातून वाहत येणाऱ्या रबरी होड्या हेही धोके आहेत. स्विस जीवरक्षक संघटनेच्या नियमांनुसार मोकळ्या पाण्यात चांगल्या पोहणाऱ्यांनीच, तेही एकट्याने नव्हे, उतरावे. अनोळखी टप्पा आधी काठाने चालून पाहावा. होडीत जीवरक्षक जाकीट घालावे आणि होड्या एकमेकींना बांधू नयेत. शेततळ्यात किंवा विहिरीत, म्हणजे स्थिर पाण्यात, पोहायला शिकलेल्या पाहुण्याने पहिल्या वेळी स्थानिक माणसाबरोबरच जावे. त्याच्या पोहण्यात उणे काही नसते. वाहत्या पाण्यातून बाहेर कसे पडायचे, ही वेगळी विद्या आहे.

बदलते तापमान : १९८० पासून स्विस नद्यांचे पाणी दर दशकाला सरासरी सुमारे ०.३३ अंशांनी तापत आले आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात बर्नपाशी आरेने २३ अंश ओलांडले. पोहणाऱ्यांना हा काळ आनंदाचा वाटला, तरी थंड पाण्यावर जगणाऱ्या माशांना तो जड जातो. पाणी दीर्घकाळ १५ अंशांच्या वर राहिले की ट्राउटना मूत्रपिंडाचा एक परजीवीजन्य रोग मारक ठरू लागतो, आणि ग्रेलिंग मासे तर उष्णतेने थेट मरतात. स्विस कायद्याने अणुवीज केंद्रांच्या थंडाव्यासाठी वापरलेले पाणी सोडताना नदीच्या तापमानाला २५ अंशांची मर्यादा घातली आहे. आरेच्या खालच्या टप्प्यावरील बेत्स्नाऊ केंद्राला त्यामुळे उष्ण उन्हाळ्यांत उत्पादन कमी करावे लागले आहे, आणि जुलै २०२५ मध्ये तिथले दोन्ही संच काही काळ बंद ठेवावे लागले.