कुलूप एकच, वेग वेगवेगळा

एन्क्रिप्शनचा इतिहास म्हटलं की 'कोणी कोणाचा कोड फोडला' याच गोष्टी वाचायला मिळतात. मला मात्र त्यातली दुसरी शर्यत जास्त भावते... वेगाची!

१९७७ साली अमेरिकेत 'डीईएस' स्टँडर्ड झालं. ते चिपसाठी बेतलेलं, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये रडतखडत चालायचं. वर किल्ली फक्त ५६ बिटांची. म्हणून १९९७ मध्ये एनआयएसटी या अमेरिकन सरकारी संस्थेने खुली स्पर्धा लावली. १५ अल्गोरिदम आले, १९९९ मध्ये ५ उरले. पेंटियमपासून स्मार्टकार्डापर्यंत सगळीकडे त्यांचा वेग मोजला गेला. 'सर्पंट'च्या ३२ फेऱ्या; भक्कम, पण सॉफ्टवेअरमध्ये संथ. बेल्जियमच्या डेमन आणि रायमन या जोडीचं 'राइनडाल' १० ते १४ फेऱ्यांत काम उरकायचं. ऑक्टोबर २००० मध्ये तेच जिंकलं. आज आपण त्याला एईएस म्हणतो.

खरी गंमत पुढे आहे. अल्गोरिदम एकच असला तरी दोघांनी लिहिलेला कोड सारखा पळत नाही. आकडेमोडीचे तयार तक्ते मेमरीत ठेवले की एईएस सुसाट पळतं. पण २००५ मध्ये बर्नस्टीनने अशा कोडला लागणारा वेळ मोजून चक्क किल्ली शोधून दाखवली! मग २०१० मध्ये इंटेलने एईएस थेट प्रोसेसरमध्येच घातलं. पिंपरी-चिंचवडमधल्या माझ्यासारख्या आयटीवाल्याच्या लॅपटॉपचा प्रश्न तिथे मिटला.

पण इथून जवळच, चाकण एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या स्वस्त फोनचं काय? त्याच्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसायची. २०१५ च्या अँड्रॉइड ६ चा नियम असा, की एईएसचा वेग सेकंदाला साधारण ५० एमबीच्या वर असेल तरच एन्क्रिप्शन सक्तीचं. म्हणजे महागड्या फोनला कुलूप, स्वस्त फोनला सूट! असा फोन चोरीला गेला तर मेमरीतले फोटो आणि कागदपत्रं वाचली जाण्याचा धोका कोणाला? ज्याला नवा फोन घेणं सगळ्यात जड, त्यालाच.

फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलने 'अडियँटम' आणलं. कॉर्टेक्स-ए७ सारख्या साध्या प्रोसेसरवर ते २५६ बिटांच्या एईएसपेक्षा सुमारे ५ पट वेगवान. त्याच वर्षी अँड्रॉइड १० घेऊन येणाऱ्या सगळ्या नव्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, कसलीही सूट न देता.

एका बाइटला प्रोसेसरच्या किती सायकल लागतात, हा आकडा तसा रुक्षच. पण कोणाचा फोन उघडा राहणार, हे मधली चार वर्षं त्यानेच ठरवलं.