सर्व्हलेट यूआरएल मॅपिंग

ब्राउझरकडून आलेली विनंती जावा वेब ॲप्लिकेशनमधील कोणत्या सर्व्हलेटने (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा घटकाने) हाताळायची, हे पत्त्यावरून ठरवण्याची पद्धत. तिचे नियम जावा सर्व्हलेट (आता जकार्ता सर्व्हलेट) या मानकात दिलेले आहेत. टॉमकॅट, जेटी, वेबलॉजिक हे सर्व्हलेट चालवणारे कंटेनर वेगवेगळ्या गटांनी लिहिलेले असले, तरी हे नियम सर्वांनाच लागू असतात. एका कंटेनरवर चालणारे ॲप्लिकेशन कोड न बदलता दुसऱ्यावर चालावे, हा त्यामागील हेतू होय.

मानकानुसार पत्त्याचे तीन भाग पडतात. '/दुकान/पुस्तके/मराठी/कोश' असा पत्ता आला आणि सर्व्हलेट '/पुस्तके/*' या पॅटर्नला जोडलेला असला, तर '/दुकान' हा कॉन्टेक्स्ट पाथ, '/पुस्तके' हा सर्व्हलेट पाथ आणि '/मराठी/कोश' हा पाथ इन्फो. प्रोग्रॅमपर्यंतचा रस्ता वेगळा आणि त्यापुढचा वेगळा, ही कल्पना सर्व्हलेटच्या आधीच्या सीजीआय या वेब सर्व्हर व प्रोग्रॅम जोडणाऱ्या पद्धतीतली आहे. पायथनच्या डब्ल्यूएसजीआय मानकानेही (2003) तीच उचलली.

एकाच पत्त्याला अनेक पॅटर्न जुळू शकतात, म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी तंतोतंत जुळणी, मग सर्वांत लांब पाथ-उपसर्ग, त्यानंतर '*.जेएसपी'सारखे एक्स्टेन्शन आणि शेवटी डिफॉल्ट सर्व्हलेट. पहिली जुळणी मिळताच शोध थांबतो. लहान आणि मोठी (रोमन) अक्षरे वेगळी धरली जातात. '/अहवाल/*.डू' असा मिश्र पॅटर्न या व्याकरणात बसत नाही. उपसर्ग आणि एक्स्टेन्शन एकत्र वापरता येत नाहीत.

सर्वाधिक गोंधळ '/' आणि '/*' यांत होतो. दोन्ही 'सगळे काही' पकडतात असे वाटते. पण '/' म्हणजे डिफॉल्ट सर्व्हलेट, म्हणजेच इतर काहीच जुळले नाही तरच. '/*' हा मात्र उपसर्ग असल्याने एक्स्टेन्शनच्या आधी तपासला जातो. त्यामुळे '/*'ला जोडलेल्या सर्व्हलेटने विनंती जेएसपी पानाकडे फॉरवर्ड केली, की ती पुन्हा त्याच्याकडेच येते आणि स्टॅक भरून ती विनंती कोसळते. शिवाय '/'मध्ये उर्वरित पत्ता सर्व्हलेट पाथमध्ये मिळतो, '/*'मध्ये पाथ इन्फोमध्ये. ही वागणूक कंटेनरची चूक नसून मानकातच लिहिलेली आहे.

कॉन्टेक्स्ट पाथ मात्र ॲप्लिकेशनच्या हातात नसतो. टॉमकॅटमध्ये तो बहुधा वॉर फाइलच्या (ॲप्लिकेशनच्या बांधणी-फाइलच्या) नावावरून ठरतो : 'दुकान.वॉर'चा '/दुकान', तर 'रूट.वॉर'चा रिकामा. सर्व्हलेट 4.0 (2017) पासून वेब.एक्सएमएलमध्ये डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट पाथ सुचवता येतो, पण कंटेनर तो बदलू शकतो. म्हणून दुव्यांत '/दुकान' हाताने लिहिणे ही पोर्टेबिलिटीला मारक ठरणारी नेहमीची चूक आहे. तो पाथ प्रत्येक वेळी विनंतीतूनच घ्यावा.

मानक जिथे संदिग्ध राहिले, तिथे कंटेनर आणि त्यांच्यापुढचे प्रॉक्सी वेगवेगळे अर्थ लावू लागले. एन्कोड केलेला स्लॅश, अर्धविरामाने जोडलेले पॅरामीटर, '..' हे तुकडे आधी उलगडायचे की आधी जुळवायचे, यावर निकाल बदलतो. प्रॉक्सीने अडवलेला भाग अशा फरकातून उघडा पडू शकतो, म्हणून हा प्रश्न थेट सुरक्षेचा ठरतो. याच कारणाने टॉमकॅटने 2007 मध्ये एन्कोड केलेला स्लॅश मुळातच नाकारायला सुरुवात केली. जकार्ता सर्व्हलेट 6.0 (2022) मध्ये पत्ता प्रमाणरूपात आणण्याच्या पायऱ्या लिहून दिल्या गेल्या आणि संशयास्पद पत्त्यांना 400 (चुकीची विनंती) हे उत्तर देण्याची तरतूद झाली. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

हा त्रास जावापुरता नाही. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस सर्व्हर मूळ मांडणीत पाथ इन्फोच्या सुरुवातीला स्क्रिप्टचे नाव पुन्हा जोडतो, आणि तेवढ्यासाठी पायथन 3.2 मध्ये स्वतंत्र हँडलर घालावा लागला.

सर्व्हलेट 5.0 (2020) मध्ये पॅकेजचे नाव 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झाल्याने जुने ॲप्लिकेशन टॉमकॅट 10 वर रूपांतर केल्याशिवाय चालत नाही. जुळणीचा चार पायऱ्यांचा क्रम मात्र तोच आहे.