गुप्तरोगांची तपासणी : सक्तीपासून घरच्या चाचणीपर्यंत

"डॉक्टर, ही तपासणी घरीच करता येईल का? लॅबमध्ये ओळखीचं कुणी भेटलं तर?" अंधेरी-घाटकोपरकडची पंचविशीतली मुलं-मुली हे हळू आवाजात विचारतात. ही भीती आजची नाही.

१८६८ साली इंग्रज सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. १८७० मध्ये तो मुंबईत लागू झाला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोग आढळल्यास रुग्णालयात डांबणे, असे त्याचे स्वरूप होते. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना मात्र तपासणी नव्हती! १८८८ मध्ये कायदा रद्द झाला, पण तपासणी म्हणजे बदनामी ही समजूत टिकली.

विज्ञान पुढे गेले. १९०६ मध्ये सिफिलिससाठी वासरमन यांची रक्तचाचणी आली, १९४३ मध्ये पेनिसिलिनचा उपयोग सिद्ध झाला. लाज तिथेच राहिली. मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहीत. वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

आता कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो.

मग घरची चाचणी करावी का? लाजेमुळे तपासणीच होणार नसेल, तर जरूर करावी. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. संसर्गानंतर लगेच केलेली एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. घरच्या किटने खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. एचआयव्हीच्या किटमध्ये गनोरिया किंवा क्लॅमिडिया कळत नाही. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली, तर प्रयोगशाळेत खात्री करून उपचार घ्यावेच लागतात, जोडीदारालाही तपासावे लागते.

सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या समुपदेशन केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते. १०९७ या हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येते.

दीडशे वर्षांपूर्वी त्या स्त्रियांना नाही म्हणायची सोय नव्हती. तुम्हाला कुठे, कधी तपासायचे हे ठरवता येते. ते ठरवा, पुढे ढकलू नका.