अणुनिश्चित धातुगुच्छ उत्प्रेरक

अणुनिश्चित धातुगुच्छ उत्प्रेरक म्हणजे ज्यांच्या प्रत्येक धातुकणातील अणूंची संख्या नेमकी व एकसारखी असते असे उत्प्रेरक. हे गुच्छ, म्हणजेच क्लस्टर, साधारणतः २ नॅनोमीटरपेक्षा लहान असून वापरासाठी ते कार्बनसारख्या आधारावर बसवले जातात. नेहमीच्या उत्प्रेरकात लहानमोठे कण मिसळलेले असल्यामुळे मोजलेली क्रियाशीलता ही सरासरी ठरते. अणुसंख्या निश्चित असल्यास क्रियाशीलतेचा संबंध थेट कणाच्या रचनेशी जोडता येतो.

पार्श्वभूमी

सोने हे उत्प्रेरणाच्या दृष्टीने निष्क्रिय मानले जात असे. ऑक्साइडांवर बसवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण ०° से.च्या बऱ्याच खालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवतात, असे मासाताके हारुता व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. थायोलने वेढलेल्या १०२ अणूंच्या सुवर्णगुच्छाची स्फटिकरचना २००७ मध्ये, तर २५ अणूंच्या गुच्छाची २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.

निर्मिती

२५ अणूंचा सुवर्णगुच्छ बनवण्यासाठी थायोलच्या उपस्थितीत सुवर्णक्षाराचे सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करतात. मिश्रण काही काळ तसेच ठेवल्यास अस्थिर गुच्छ विघटित होतात व स्थिर गुच्छ उरतात. या गुच्छात १३ अणूंच्या गाभ्याभोवती उरलेले १२ अणू व १८ थायोलेट गट असतात. शुद्धीकरणानंतर अणुसंख्येची खातरजमा द्रव्यमान वर्णपटमापकाने केली जाते.

या गुच्छांच्या द्रावणात कार्बनची पूड ढवळली की गुच्छ तिच्या पृष्ठभागावर अधिशोषित होतात. त्यानंतर निर्वातात तापवून थायोलेट काढले जातात.

दुसऱ्या पद्धतीत डेंड्रिमर हा शाखायुक्त रेणू साच्यासारखा वापरतात. त्यातील ठरावीक जागी धातूचे आयन बांधून मग त्यांचे क्षपण केले जाते. या पद्धतीने बनवलेल्या प्लॅटिनमच्या गुच्छांत १३ ऐवजी १२ अणू असताना ऑक्सिजनच्या क्षपणाची क्रियाशीलता लक्षणीय वाढल्याचे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये नोंदवले. इंधन घटातील दुर्मीळ प्लॅटिनमची बचत करण्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

आधाराची भूमिका व अडचणी

कार्बन विद्युतवाहक असून त्याचे पृष्ठफळ मोठे असते. त्यामुळे विद्युतरासायनिक वापरासाठी तो सोयीचा ठरतो. मात्र त्याची धातूवरील पकड अनेक ऑक्साइडांच्या तुलनेने सैल असते. थायोलेट तसेच राहिल्यास धातूचे अणू झाकले जातात. ते काढण्यासाठी अधिक तापवल्यास गुच्छ सरकून एकमेकांत मिसळतात आणि नेमकी अणुसंख्या नष्ट होते. हीच या निर्मितीतील मुख्य अडचण होय. पकड वाढवण्यासाठी कार्बनमध्ये नायट्रोजनचे अणू समाविष्ट केले जातात.

थायोलेटचे अवशेष नेहमीच अपायकारक नसतात. सच्छिद्र कार्बनवरील २५ अणूंच्या सुवर्णगुच्छांवर ते काही प्रमाणात राहू दिल्यास बेंझिल अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण बेंझाल्डिहाइडपाशी थांबण्याची प्रवृत्ती वाढते. मात्र अभिक्रियेचा वेग घटतो.