मुरुड ते मुंबई: अंतर किती आणि विमानाने किती वेळ लागतो?

लातूर जिल्ह्यातील मुरुड ते मुंबई हे अंतर रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर, तर सरळ रेषेत सुमारे ३७० किलोमीटर आहे. नकाशावर शोधताना जिल्हा नक्की तपासा. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतही मुरुड आहे, त्यामुळे भलतंच उत्तर मिळू शकतं.

थेट विमान आहे का?
नाही. लातूरला विमानतळ आहे, पण तिथे नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. नांदेडहून २०१७ मध्ये उडान योजनेतून हैदराबादची सेवा सुरू झाली. मात्र मुंबई पश्चिमेला आणि नांदेड ईशान्येला! म्हणजे नांदेडहून विमान घ्यायचं तर आधी दीडशेहून जास्त किलोमीटर उलटं जावं लागतं.

एकूण वेळ किती?
- मुरुड ते नांदेड, रस्त्याने: सुमारे साडेतीन तास
- विमानतळावर: दीड ते दोन तास
- नांदेड ते मुंबई उड्डाण: सुमारे सव्वा तास
- उतरून बाहेर पडणं: अर्धा तास

म्हणजे सव्वा तासाच्या उड्डाणासाठी जवळपास सात तास. लंडन-पॅरिसचंही गणित असंच आहे. विमानाला सव्वा तास पुरतो, तरी अनेक जण सव्वादोन तासांची रेल्वे निवडतात, कारण ती थेट शहरात उतरवते.

मग सोयीचं काय?
लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचते. रुग्णालय, मुलाखत किंवा परीक्षेसाठी जायचं असेल, तर दिवस वाया जात नाही. निघण्याआधी वेळापत्रक मात्र तपासून घ्या.